काठावरून गळ टाकताना शिंपले, झिंगे आणि खेकड्याचं आमिष

कोल्हापूरच्या आसपासच्या कुठल्याही तलावावर गांडूळ लावून गळ टाका. पाच मिनिटं काठीच्या टोकाचं घुंगरू नुसतं थरथरत राहतं, आणि ओढून बघावं तर गळ स्वच्छ. हा चिलापीचा उद्योग. मूळची आफ्रिकेतली ही जात आपल्या तळ्यांत आणि धरणांत इतकी माजली आहे की बोटभर पिल्लांचे थवे मऊ आमिष मोठ्या माशापर्यंत पोहोचूच देत नाहीत. कणकेच्या गोळ्याची तर त्याहून वाईट गत.

यावरचा स्वस्त उपाय त्याच पाण्यात पडलेला असतो. शिंपले, गोगलगायी, झिंगे, खेकडे यांचं मांस चिवट असतं, किंवा थोडी मेहनत घेऊन चिवट करता येतं. चिलापीची पिल्लं त्याला टोचे मारत बसतात पण ते गळावरून निघत नाही, आणि तेवढ्या वेळात तळाशी फिरणारा शिंगाळा किंवा वाम येऊन पोहोचते. कवचातल्या आमिषाचं सगळं गणित या टिकण्यावर आहे. वासाचं लोक फार कौतुक करतात. हिंग, लसूण, कसले कसले अर्क चोळतात. माझ्या मते शिंपल्याला मसाला लावायची काही गरज नाही. तो गळावर नीट बसवता येणं जास्त महत्त्वाचं, आणि बहुतेकांचं गाडं तिथंच अडतं.

कुठल्या माशासाठी हा खटाटोप करायचा, हे आधी ठरवा. कटला वरच्या थरातलं सूक्ष्म खाद्य गाळून खातो, रोहूचा ओढा वनस्पतींकडे. या दोघांसाठी शिंपला फोडत बसू नका, त्यांना पेंड आणि कोंड्याचा गोळाच बरा. मृगळ तळाशी चरतो, पण तोही गाळातलं कुजकं-मऊ खाणारा. कवचातल्या मांसावर खरी झडप घालतात ते शिंगाळा, शिवडा, वाम, मरळ, आणि ज्या पाण्यात पंगस सोडलेला आहे तिथं पंगस. सायप्रिनसचं (कॉमन कार्पचं) वेगळं आहे. त्याच्या घशात चावायचे दात असतात, त्यामुळे लहान गोगलगाय तो कवचासकट फोडतो. हा मासा बऱ्याच जणांना फक्त कणकेवर माहीत आहे, पण मोठा सायप्रिनस शिंपल्याच्या मांसावर चांगला लागतो. मोठी चिलापीही सोललेला झिंगा सोडत नाही.

पाणी आणि परवानगी

आपल्या जिल्ह्यात पाण्याला तोटा नाही. कळंबा आणि राजाराम तलाव शहराला लागून, पलीकडे तुळशी, काळम्मावाडी, पाटगाव, चिकोत्रा, कासारी अशी धरणं, आणि नद्यांवर जागोजाग कोल्हापुरी बंधारे. पण बहुतेक जलाशयांतल्या मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. बीज त्यांनी सोडलेलं असतं. तेव्हा काठावर जाऊन आधी संस्थेच्या माणसाला भेटा, हौशी गळाला परवानगी आहे का, पैसे भरायचे का, किती मासे नेता येतात हे विचारा. गावच्या तळ्याला ग्रामपंचायतीत आणि शहरातल्या तलावांना महापालिकेत विचारावं लागतं. धरणाच्या भिंतीवर आणि दरवाजांजवळ बसायचंच नाही, तिथं प्रवेशबंदी असते.

राधानगरी आणि काळम्मावाडीच्या फुगवट्याचा बराच भाग राधानगरी अभयारण्यात येतो. अभयारण्यात मासेच काय, शिंपले-खेकडे गोळा करणंही गुन्हा आहे. दाजीपूरला फिरायला जाताना गाडीत काठी टाकून न्यायचा मोह आवरा. राधानगरी धरणाबाबत आणखी एक. त्याचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, पाण्याची पातळी वाढली की आपोआप उघडतात. पावसाळ्यात त्याच्या खालच्या अंगाला भोगावतीच्या पात्रात गळ टाकून बसणं म्हणजे जिवाशी खेळ. कृष्णा आणि वारणेच्या काठी मगरी आहेत, शिरोळकडच्या माणसाला हे सांगायला नको, पण शहरातून जाणाऱ्याला सांगायला हवं. तिकडे संध्याकाळी पाण्यात उतरून शिंपले चाचपू नका.

हंगामाचं म्हणाल तर मृगाच्या पावसात मासा अंड्यावर असतो, चढणीला लागतो. तेव्हा हात आवरलेला बरा. दिवाळीच्या आधीपासून पाणी निवळतं आणि तळाचा मासा खायला लागतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तो सुस्तावतो. कवचाच्या आमिषाचा खरा काळ फेब्रुवारीच्या शेवटापासून मेपर्यंत, कारण तेव्हा पाणी मागे हटतं आणि आमिष गोळा करायला काठ उघडा पडतो.

आमिष कसं शोधायचं

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की काठाच्या ओल्या गाळावर बोटभर रुंद, वेड्यावाकड्या चरी उमटलेल्या दिसतात. शिंपला सरकत सरकत पाण्याच्या मागे गेलेला असतो, त्याच्या त्या खुणा. चर जिथं संपते तिथं बोटं घाला, शिंपला लागतो. पाण्यात असेल तर घोट्या-गुडघ्याएवढ्या पाण्यात, रेतीमिश्रित गाळात अर्धा रुतून बसलेला असतो. हाताने चाचपून काढायचा. निव्वळ काळ्या चिकट गाळात शोधू नका. एक तर तिथं कमी मिळतो आणि दुसरं म्हणजे माणूस मांडीपर्यंत रुततो. धरणाचा नवा गाळ वरून वाळलेला दिसला तरी आतून ओलाच असतो, काठीने टोचल्याशिवाय पाय टाकू नये.

जागा हेरायची सोपी युक्ती म्हणजे पक्षी. उघड्या चोचीचा करकोचा, ज्याला मुग्धबलाक म्हणतात, त्याच्या दोन्ही चोचींमध्ये फट असते आणि गोगलगायी-शिंपल्यांवरच त्याची गुजराण चालते. तो ज्या उथळ पाण्यात उभा राहून चोच खुपसत असेल तिथं आमिष आहे, आणि त्या आमिषावर येणारा मासाही तिथंच जवळपास. काठावर फुटक्या शिंपल्यांचा खच दिसला तरी तोच अर्थ.

घेताना मात्र हात आखडता ठेवा. शिंपल्याची पिल्लं सुरुवातीचे काही दिवस माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून राहतात, मग सुटून तळाशी बसतात. म्हणजे मासा नसेल तर शिंपला वाढत नाही. शिवाय शिंपला दिवसभर पाणी गाळत असतो. एका बैठकीला सात-आठ मध्यम शिंपले पुरे होतात. उघडल्यावर कल्ले फुगून जाड झालेले दिसले तर त्या दिवसांत तिथले शिंपले अंडी-पिल्लं बाळगून आहेत असं समजा, बाकीचे परत सोडा आणि झिंग्यावर या. सांडपाणी मिसळणाऱ्या पाण्यातले शिंपले घेऊ नका. गाळलेली सगळी घाण त्यांच्या मांसात साठते आणि ते फोडताना आपल्या बोटांना चिरा पडतातच.

झिंगे मिळवायचे तर केंदाळ (जलपर्णी) शोधा. केंदाळाचा एक झुबका उचलून प्लास्टिकच्या घमेल्यात झटकला की मुळांतून चार-दोन झिंगे खाली पडतात. रात्री बॅटरीच्या उजेडात काठालगत त्यांचे डोळे निखाऱ्यागत चमकतात, तेव्हा लहान हातजाळीने मागच्या बाजूने उचलायचे. झिंगा उलटा उडी मारतो, त्यामुळे जाळी शेपटीकडे धरली तर तो स्वतःच तिच्यात शिरतो. बाटलीचा सापळाही चालतो. दोन लिटरच्या बाटलीचा गळ्याकडचा भाग कापून उलटा आत बसवायचा, आत शेंगदाण्याच्या पेंडेचा तुकडा आणि एक दगड, बाटलीला चार भोकं, आणि दोरीला बांधून संध्याकाळी दगडांच्या कडेला सोडायची. सकाळी बघायचं. मच्छरदाणीचं कापड ओढून झिंगे धरणारे बघतो, पण त्यात माशांची बारीक पिल्लं हजारांनी मरतात, तो प्रकार नको.

खेकडे पावसाळ्यात ओढ्याला आणि भाताच्या बांधावर भरपूर. आमिषाला दोन-अडीच इंचाचा लहान नर घ्या. मादी उलटी करून बघायची. तिच्या पोटाखालच्या रुंद झाकणात अंडी किंवा चिमुकली पिल्लं असतील तर सोडून द्या. गोड्या पाण्यातला खेकडा पिल्लं पाण्यात सोडत नाही, ती तयार होईपर्यंत पोटाशीच बाळगतो. नुकतीच कात टाकलेला मऊ खेकडा मिळाला तर नशीब. त्यासारखं आमिष नाही.

गोगलगायींत दोन प्रकार कामाचे. भाताच्या खाचरात आणि पाटात मिळणारी मोठी गोलगरगरीत, आणि दगडांना चिकटणारी लहान टोकदार. मोठी उन्हाळ्यात चिखलात खोल जाऊन झाकण मिटून पडते, म्हणून तिचा काळ पावसाळा ते थंडी. शेतात पिकं खाणारी शंखी गोगलगाय वापरू नका. ती रोगाचे जंत वाहून नेते.

हे काहीच जमलं नाही तर बाजार आहे. घाट उतरून कोकणातली कोळंबी कोल्हापुरात रोज येते. शिंगाळ्याला ती समुद्रातली की तळ्यातली याच्याशी देणंघेणं नसतं. पण सायप्रिनस आणि मोठी वाम यांच्यासाठी त्याच पाण्यातलं आमिष बाजारच्या कोळंबीपेक्षा सरस ठरतं असं माझं मत आहे, कारण ते रोज तेच खातात.

साठवण

झिंगे बादलीत भरून नेले की अर्धे वाटेतच मरतात. पाणी तापतं आणि त्यातला प्राणवायू संपतो. त्यापेक्षा ओलं बारदान आणि केंदाळाची मुळं डब्यात घालून त्यावर झिंगे पसरा, वरून पुन्हा ओलं बारदान, आणि डबा सावलीत. तास-दोन तास ते तरतरीत राहतात. शिंपले ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत ठेवले की दिवसभर टिकतात. जो शिंपला तोंड वासून पडलाय आणि टिचकी मारली तरी मिटत नाही तो मेलेला. मेलेला, कुजका शिंपला आमिषाला चांगला, असा एक समज आहे. शिंगाळ्याच्या बाबतीत त्यात थोडं तथ्य असेल, पण मांस इतकं पिळपिळीत होतं की ते गळावर राहत नाही, मग वास असून काय उपयोग.

आमिष तयार करणं

इथं घाई करायची नाही.

शिंपला फोडायला दगड वापरू नका, कवचाच्या कपच्या मांसात घुसतात आणि तंगूस (गळाचा नायलॉन दोरा) कापतात. बिनधारेची पातळ सुरी घ्या. शिंपला फडक्यात धरा, जोड तळहाताकडे. दोन्ही झडपा पुढच्या आणि मागच्या टोकाला एकेका स्नायूने घट्ट धरलेल्या असतात. सुरी फटीत घालून आतल्या बाजूने कवचाला घासत आधी एक स्नायू कापा, मग दुसरा. लगेच झडप सैल पडते. मांस खरवडून काढा. त्यात पिवळसर-नारिंगी, जिभेसारखा घट्ट भाग दिसेल तो पाय. बाकीची पोटाची पिशवी आणि कडेचा पडदा मऊ असतो.

ताजा शिंपला तसाच लावायचा तर गळ आधी पायातून आरपार, मग फिरवून पुन्हा पायातून, आणि मऊ भाग गळाच्या दांड्यावर गुंडाळून शिवणाच्या बारीक दोऱ्याने सात-आठ वेढे. गाठ मारायची गरज नाही, ओला दोरा वेढ्यांवर आपोआप बसतो. लवचीक बारीक दोरा मिळाला तर उत्तम, तो मांसात रुततो.

पण चिलापीचा सुळसुळाट असलेल्या पाण्यात मी ताजा शिंपला लावत नाही, खारवलेला लावतो. पद्धत अशी. काढलेलं मांस चाळणीत अर्धा तास निथळू द्या. मग डब्यात खडेमिठाचा थर, त्यावर मांस एकमेकांना न चिकटता, पुन्हा मीठ. झाकण लावून रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी डब्यात पाणी सुटलेलं असतं, ते ओता आणि एकदा ताजं मीठ भुरभुरा. मांस आक्रसून चामड्यासारखं चिवट होतं, रंग थोडा गडद होतो. पाण्यात गेल्यावर ते हळूहळू फुगतं पण तुटत नाही. बारीक मीठ वापरलं तर वरचा थर पटकन कडक होऊन आत ओल राहते, म्हणून खडेमीठच. सोललेली कोळंबीही अशीच खारवता येते, तिला तीन-चार तास पुरतात. फ्रिज वापरण्यापूर्वी घरात विचारा. बाकी काय होतं ते प्रत्येकाच्या घरावर आहे.

गोगलगायीला मीठ लागत नाही. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकायची, झाकणाच्या कडेला टाचणी टोचून फिरवत ओढायची, सगळी गुंडाळी बाहेर येते. पायाचा भाग रबरासारखा असतो. झाकण काढून टाका, गळ पायातून घाला, आणि मागची मऊ गुंडाळी तशीच लोंबती ठेवा कारण पाण्यात वास तीच सोडते. चिलापी ती गुंडाळी खाऊन टाकेल, पाय तरी गळावर राहतो. ज्या पाण्यात काहीच टिकत नाही तिथं गोगलगायच लावावी.

झिंग्याचे दोन मार्ग. मरळीसाठी जिवंत हवा. त्याच्या डोक्याच्या आत एक काळसर ठिपका दिसतो, तिथं त्याचे मुख्य अवयव असतात. तिथं गळ गेला की झिंगा मेलाच. एक तर डोक्यावरच्या करवती काट्याच्या बुडातून आडवा गळ घाला किंवा शेपटीच्या शेवटून दुसऱ्या खंडाच्या कवचातून. मेलेला झिंगा किंवा कोळंबी लावताना शेपटीचा पंखा तोडा, तिथून गळ आत घालून शरीराच्या बाकाप्रमाणे सरकवत पोटाकडून टोक बाहेर काढा. सायप्रिनस आणि चिलापीसाठी सोललेली, शिंगाळ्यासाठी कवच आणि डोक्यासकट.

खेकड्याच्या नांग्या आधी मोडून काढायच्या, नाहीतर तो तळाशी जाऊन दगड धरून बसतो. लहान असेल तर मागच्या पायाच्या खोबणीतून गळ घालून कवचाच्या कडेतून बाहेर. मोठा असेल तर वरची ढाल काढून सुरीने दोन किंवा चार तुकडे करा, प्रत्येक तुकड्याला एक-दोन पाय राहू द्या, आणि पायाच्या बुडातल्या घट्ट मांसातून गळ काढा. तुकड्यांतून रस सुटतो, त्यामुळे अर्ध्या तासाने बदलावा लागतो.

आमिष काहीही असो, गळाचं टोक उघडं दिसलं पाहिजे. खारवलेल्या शिंपल्यात टोक बुडवलं तर मासा ओढतो पण गळ रुतत नाही.

काठी, तंगूस आणि शिसं

फार सामान नको. सात ते नऊ फुटांची काठी, साधं स्पिनिंग रीळ, ०.३५ मिलिमीटरचं तंगूस. दगडी पिचिंगजवळ (काठाच्या उतारावर बसवलेल्या दगडांजवळ) किंवा बुडालेल्या झाडाझुडपांत टाकणार असाल तर ०.४० घ्या. गळांच्या क्रमांकात नवखे गोंधळतात: साध्या आकड्यांत आकडा वाढला की गळ लहान होतो, आणि १/० च्या पुढे आकडा वाढला की गळ मोठा. सोललेल्या लहान झिंग्याला ६ किंवा ८, शिंपल्याला आणि गोगलगायीला २ ते १/०, खेकड्याच्या तुकड्याला २/० किंवा ३/०. रुंद पोटाचे गळ घ्या, कारण मांस जाड असतं आणि अरुंद गळाचं पोट त्यानेच भरून जातं.

शिसं सरकतं ठेवायचं. मुख्य तंगूस गोटीसारख्या भोकाच्या शिशातून ओवा, खाली एक मणी, मग स्विवेल (फिरती जोडकडी), आणि स्विवेलच्या दुसऱ्या कडीला दीड-दोन फुटांचा तुकडा व त्याला गळ. मासा आमिष तोंडात धरून निघाला की तंगूस शिशातून सरकतं, त्याला वजन जाणवत नाही. बांधून टाकलेल्या शिशाला वाम आणि सायप्रिनस लगेच बिचकतात. संथ तलावात २० ते ३० ग्रॅम पुरे. गाळाचा तळ असेल तर चपटं शिसं घ्या, गोल शिसं रुतून बसतं आणि आमिषही सोबत गाळात जातं.

गाठ साधी: तंगूस गळाच्या नेढ्यातून काढून स्वतःभोवती पाच-सहा पीळ द्या, टोक नेढ्याजवळच्या फासातून परत घाला, थुंकी लावून हळू आवळा. कोरडी गाठ आवळली की घर्षणाने तंगूस तिथंच कमजोर होतं.

मरळीसाठी हा सरंजाम नको. तिथं बूच लावा, बुचाखाली दीड-दोन फुटांवर गळ आणि जिवंत झिंगा, शिसं जवळजवळ नाहीच. केंदाळाच्या कडेला किंवा पाणवनस्पतींच्या मोकळ्या खिडकीत अलगद सोडायचं. मरळ हवा घ्यायला वर येते, तिचा तो गुळूप आवाज आणि बुडबुडा दिसला की त्याच्या पुढे हातभर टाका. पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका दिसला तर मात्र तिथून उठा. खाली त्यांचे आई-बाप राखण करत असतात, जवळ येणाऱ्या कशावरही तुटून पडतात, आणि ते गेले की घोळका तासाभरात बाकीच्या माशांच्या पोटात जातो.

जागा आणि फेक

ओढा जिथं तलावाला मिळतो तो कोपरा पहिला. दुसरी पसंती वारा ज्या काठावर आदळतो त्या काठाला. समोरून वारा आला की फेकायला त्रास होतो म्हणून लोक पाठवाऱ्याला जाऊन बसतात, पण वाऱ्याने लोटलेलं खाद्य समोरच्या काठाला साचलेलं असतं. जुने बुडालेले बांध, शेताच्या ताली, पिचिंगचे दगड संपून गाळ सुरू होतो ती रेघ, या सगळ्या तळाच्या माशाच्या वाटा आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरलेलं असताना एकदा मोकळा काठ फिरून या आणि बांध कुठे आहेत ते फोनवर टिपून ठेवा. दिवाळीला ते पाण्याखाली असतील.

शिंपला लांब फेकायच्या नादात अर्ध्या वाटेत गळावरून सुटून उडतो. झटका द्यायचा नाही. काठी मागे नेऊन आमिष स्थिर झालं की एका लयीत पुढे सोडा. वीस-पंचवीस पावलांवर पडलं तरी पुरे, संध्याकाळी तळाचा मासा काठाच्या खूप जवळ येतो. पाण्यात पडल्यावर तंगूस ताणून शिसं तळाला लागू द्या, मग काठी दुबेळक्यावर टेकवा, टोकाला घुंगरू, आणि रिळाची ड्रॅग (तंगूस सुटू देणारा ताण) थोडी सैल.

थोडा चारा मारला तर फायदा होतो. दोन-तीन गोगलगायी किंवा शिंपल्याचा टाकाऊ मऊ भाग ठेचून, मूठभर मातीत मिसळून गळाच्या जागी टाका. ढीग ओतू नका, पोट भरलेला मासा गळाकडे बघत नाही.

ओढ ओळखणं

टक-टक-टक अशी बारीक थरथर म्हणजे चिलापीची पिल्लं. हात लावू नका, त्यांना टोचू द्या. शिंगाळा आला की थरथर एकदम थांबते, क्षणभर काही नाही, मग काठीचं टोक हळूहळू वाकत जातं. तंगूस सरकायला लागलं की काठी ठामपणे वर घ्या, झटका नको. सायप्रिनस उचलतो, टाकतो, पुन्हा उचलतो. दोनदा फसवल्यावर तिसऱ्यांदा लांब ओढतो, तेव्हा उचलायचं. वाम मात्र थांबायला देत नाही. तिने कुरतडून ओढायला सुरुवात केली आणि तुम्ही विचार करत बसलात तर ती शेपटी दगडाच्या फटीत अडकवते, मग तंगूस तुटतं. सोडून द्यायचा मासा असेल तर जराही उशीर करू नका, नाहीतर गळ पोटात जातो.

पंधरा-वीस मिनिटांत काहीच हालचाल नसेल तर आमिष काढून बघा. खारवलेला शिंपला फिकट आणि फुगलेला दिसला तर त्याचा दम गेला, बदला.

मासा हातात आल्यावर

शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक काटा असतो, करवतीचे दात असलेला. पकडताना तळहात पोटाखालून पुढे सरकवत बाजूच्या काट्यांच्या मागे बोटं अडकवा, किंवा सरळ जाड ओल्या फडक्यात धरा. शिंगी मासा आकाराने छोटा पण त्याच्या काट्यात विष असतं, कळ खांद्यापर्यंत जाते. टोचला तर जखम धुवा आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा. उष्णतेने त्या विषाचा जोर कमी होतो. काट्याचा तुकडा आत राहिला असेल, सूज चढत असेल किंवा श्वासाला त्रास वाटत असेल तर दवाखाना गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शन विचारून घ्या. थर्मासमध्ये गरम पाणी न्यायची सवय मी त्यासाठीच ठेवली आहे, चहा हे निमित्त.

गळ काढायला लांब चिमटा हवा. गळ घशात खोल गेला असेल तर ओरबाडू नका, तंगूस तोंडाजवळ कापून मासा सोडून द्या. ओढ्याच्या मुखाशी कधी महाशीर किंवा अहिर लागला तर दोन्ही सोडायचे. सह्याद्रीच्या पाण्यात ते आता कमी होत चालले आहेत. महाशीराला कोरड्या हाताने धरू नका, अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की त्याला रोग लागतो.

कच्च्या गोगलगायी, खेकडे आणि शिंपले हाताळलेल्या हातांनी भडंगाच्या पुडीत हात घालायचा नाही. त्यांच्यात जंत असू शकतात. साबणाची वडी पिशवीत ठेवा, आणि आमिषाची सुरी कांदा चिरायला वापरू नका.

उरलेलं आमिष

जिवंत उरलेले शिंपले, झिंगे, गोगलगायी ज्या पाण्यातून काढल्या त्याच पाण्यात परत. दुसऱ्या तलावावरून आणलेले जिवंत जीव इथं सोडायचे नाहीत, बादलीतलं पाणीही ओतायचं नाही. रोग, परक्या जाती, केंदाळाचे तुकडे असेच एका तळ्यातून दुसऱ्यात पसरतात. दोन तलावांवर जायचं असेल तर आमिष खारवून किंवा उकडूनच न्या.

फुटकी कवचं काठावर टाकू नका, गुरं आणि पोरं अनवाणी येतात. घरी आणून परसात कुटून मातीत घाला, चुना मिळतो. तंगुसाचे तुकडे खिशात. खारवलेलं मांस उरलं तर ताजं मीठ घालून, हवा काढून, जाड पिशवीत फ्रीझरला ठेवा. महिना-दोन महिने ते वापरता येतं. पिशवीवर मोठ्या अक्षरांत ‘आमिष’ लिहा. आपल्याकडे रविवारी मटणासाठी फ्रीझर रिकामा करायची घाई असते, आणि बिननावाची पिशवी कधी तांबड्या रश्श्याच्या वाटेला लागेल सांगता येत नाही.